सिरियल कार्ड आणि दोषनिदानाची परंपरा

वैयक्तिक संगणकाचा इतिहास बहुधा वाढत्या वेगाचा आणि उतरत्या किमतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र अडले की दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याची विद्या कशी घडत गेली, याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. या विद्येचा पाया ज्या वस्तूंनी घातला त्यांत सिरियल अॅडॅप्टर कार्डाचे स्थान वरचे आहे. संगणकाच्या मदरबोर्डवरील खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, बसवायचे आणि मोडेम, टर्मिनल, माऊस, प्रिंटर किंवा वजनकाटा यांच्याशी संगणकाचा संवाद जुळवून देणारे हे छोटे कार्ड रचनेने अगदी साधे होते. तरीही १९८१ पासून जवळजवळ वीस वर्षे त्याने दुरुस्ती करणाऱ्यांची कसोटी पाहिली, कारण बिघाड कार्डात क्वचितच असे. तारयंत्राचा काळ, टेलिफोन-मोडेमचा काळ आणि वैयक्तिक संगणकाचा काळ अशा तीन वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या गरजांपोटी घेतलेले निर्णय या एका कार्डावर एकत्र आले होते, आणि बहुतेक दोष या तीन निर्णयांच्या सांध्यांवर उद्भवत. त्यामुळे या कार्डाच्या दोषनिदानाचा इतिहास समजून घ्यायचा तर आरंभ संगणकाच्याही आधीपासून करावा लागतो.

एकाच तारेवरून अक्षराचे घटक एकामागून एक पाठवण्याची पद्धत, म्हणजेच सिरियल संदेशवहन, ही तारयंत्राची देणगी आहे. फ्रेंच तारअभियंता एमिल बोदो याने १८७४ साली प्रत्येक अक्षरासाठी पाच समान घटकांची सांकेतिक लिपी सिद्ध केली. संदेशवहनाचा वेग मोजण्याचे ‘बॉड’ हे एकक त्याच्याच नावावरून आले. पुढे अमेरिकेत चार्ल्स क्रम आणि हॉवर्ड क्रम या पितापुत्रांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्टार्ट-स्टॉप’ पद्धती व्यवहारात आणली. या पद्धतीत प्रत्येक अक्षराच्या आधी आरंभाची एक खूण आणि नंतर समाप्तीची खूण पाठवली जाते, त्यामुळे दोन्ही टोकांच्या यंत्रांना सतत एकाच घड्याळावर चालावे लागत नाही. आरंभाची खूण मिळताच ग्राहक यंत्र आपले मोजमाप नव्याने सुरू करते. ही सोय मोठी होती, पण तिच्यात एक गृहीतक दडलेले होते. वेग किती, अक्षरात घटक किती, तपासणीचा जादा घटक आहे की नाही आणि समाप्तीच्या खुणा किती, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवलेले असले पाहिजे, कारण तारेवर ही माहिती कुठेही पाठवली जात नाही. १९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या टंकयंत्रात प्रत्येक अक्षराला अकरा घटक आणि वेग सेकंदाला ११० घटक असे ठरलेले होते, म्हणून ते सेकंदाला बरोबर दहा अक्षरे छापत असे. एका टोकाची मांडणी दुसऱ्या टोकाशी जुळली नाही तर तार, यंत्र आणि वीजप्रवाह सारे ठीक असूनही कागदावर निरर्थक चिन्हे उमटत. सिरियल कार्डासमोर बसलेल्या पुढच्या पिढ्यांना पडद्यावर जी विचित्र चिन्हे दिसत राहिली, त्यांचा उगम असा शंभर वर्षे मागे जातो.

दुसरा निर्णय १९६० साली झाला. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशन या उद्योगसंघटनेने टर्मिनल आणि मोडेम यांच्यातील जोडणीसाठी आरएस-२३२ हे प्रमाण प्रसिद्ध केले आणि १९६९ साली त्याची ‘सी’ ही आवृत्ती आली, जी पुढे संगणकजगतात सर्वत्र रूढ झाली. या प्रमाणानुसार ग्राहक बाजूला उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०. मधल्या पट्ट्यातील दाबाला काहीच अर्थ नाही. वेगाची मर्यादा सेकंदाला २०,००० घटक आणि तारेची लांबी सुमारे १५ मीटर अशी अपेक्षा होती. प्रमाणकर्त्यांच्या डोळ्यांसमोर एका बाजूला टर्मिनल आणि दुसऱ्या बाजूला मोडेम एवढेच चित्र होते. टर्मिनल ज्या पिनेवरून पाठवते त्याच क्रमांकाच्या पिनेवर मोडेम ऐकते, म्हणून सरळ केबल पुरेशी ठरत असे. संगणक, टर्मिनल आणि प्रिंटर ही तिन्ही यंत्रे मात्र ‘टर्मिनल’ या वर्गात मोडत असल्याने, त्यांतील दोन एकमेकांना थेट जोडली की दोघेही एकाच तारेवर बोलू लागत आणि दुसऱ्या तारेवर दोघेही ऐकत बसत. यावर उपाय म्हणून पाठवण्याची आणि ऐकण्याची तार अदलाबदल केलेली ‘नल मोडेम’ केबल प्रचारात आली. याशिवाय ‘पाठवू का’ आणि ‘पाठवा’ अशा संमतीच्या देवाणघेवाणीसाठी वेगळ्या तारा होत्या. त्या कोणत्या यंत्राला हव्यात आणि कोणते यंत्र त्यांच्याविना चालवून घेते, हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या सोयीने ठरवले. प्रमाण एक असूनही केबली अनेक, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली.

तिसरा निर्णय १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम पीसीचा. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या संगणकात पाच स्लॉट होते आणि सिरियल जोडणी ही मूळ यंत्रात नसून वेगळ्या कार्डावर विकत घ्यावी लागत असे. कार्डाच्या मध्यभागी नॅशनल सेमिकंडक्टरची ८२५० ही चिप होती. अशा चिपला यूएआरटी म्हणतात. संगणकाकडून आठ घटक एकदम घेऊन ते एकेक करून तारेवर सोडणे आणि तारेवरून आलेले घटक पुन्हा एकत्र करणे, हे तिचे काम. कार्डावरील स्फटिक १८,४३,२०० हर्ट्झचा होता. चिप त्याला १६ ने भागते, म्हणून कमाल वेग सेकंदाला १,१५,२०० घटक येतो आणि त्याला आणखी १२ ने भागले की ९,६०० मिळतात. चिपचे ५ व्होल्ट तारेवर पाठवण्याजोग्या अधिक-उणे १२ व्होल्टांत बदलण्यासाठी १४८८ आणि तारेवरचे व्होल्ट पुन्हा खाली आणण्यासाठी १४८९ या क्रमांकाच्या चिप वापरत.

संगणकाच्या प्रोसेसरने या कार्डाशी बोलायचे तर दोन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागत. पहिली म्हणजे पत्ता. सोळाच्या पायाने लिहिलेल्या अंकपद्धतीत पहिल्या कार्डाचा पत्ता ३एफ८ आणि दुसऱ्याचा २एफ८ असा ठरला. दुसरी म्हणजे इंटरप्ट, म्हणजे नवे अक्षर आल्याची वर्दी प्रोसेसरला देणारी तार. मूळ पीसीत अशा तारा अवघ्या आठ होत्या. घड्याळ, कीबोर्ड, फ्लॉपी आणि प्रिंटर यांच्या वाटण्या झाल्यावर ४ क्रमांकाची तार पहिल्या सिरियल कार्डाला आणि ३ क्रमांकाची दुसऱ्याला मिळाली. १९८४ च्या पीसी एटीमध्ये या तारांची संख्या वाढली, पण ३ आणि ४ यांचे वाटप तसेच राहिले. कार्डावर हे पत्ते आणि तारा निवडण्यासाठी जम्पर असत: दोन बारीक पिनांवर बसणारी, आत धातूची पट्टी असलेली छोटी टोपी. तिची जागा एक घर चुकली की कार्ड निर्दोष असूनही निकामी ठरे.

आयबीएमने या यंत्राची तांत्रिक संदर्भपुस्तिका सर्किटच्या आराखड्यांसह प्रसिद्ध केली, त्यामुळे इतर उत्पादकांना सुसंगत यंत्रे आणि कार्डे बनवणे सोपे गेले. सिरियल, प्रिंटर आणि फ्लॉपी अशी सारी कामे एकाच पट्टीवर करणारी स्वस्त कार्डे बाजारात आली आणि त्यांवरच्या जम्परांची संख्याही वाढली. त्यातच मोडेम आणि माऊस दोन्ही सिरियल असल्याने तिसऱ्या व चौथ्या पोर्टची, म्हणजे सिरियल जोडणीच्या तोंडाची, गरज भासू लागली. त्यांना ३ई८ आणि २ई८ हे नवे पत्ते मिळाले, पण इंटरप्टच्या नव्या तारा मिळाल्या नाहीत. तिसऱ्या पोर्टला पहिल्याचीच ४ क्रमांकाची आणि चौथ्याला दुसऱ्याचीच ३ क्रमांकाची तार वापरावी लागली. त्या काळच्या स्लॉटमध्ये एका इंटरप्टची तार दोन कार्डांना एकाच वेळी वापरता येत नसे, कारण वर्दी तारेवरील दाबाच्या बदलावरून ओळखली जाई आणि एका कार्डाने तार धरून ठेवली की दुसऱ्याची वर्दी दबून जाई. परिणामी पहिल्या पोर्टवर माऊस आणि तिसऱ्यावर मोडेम असलेल्या यंत्रात मोडेमने क्रमांक फिरवायला सुरुवात करताच माऊस गोठत असे. दोन्ही वस्तू एकेकट्या तपासल्या तर निर्दोष आढळत. दोष वस्तूत नसून दोन वस्तूंच्या संबंधात असू शकतो, हा धडा दुरुस्तीच्या व्यवसायाने येथे पुरेपूर घेतला.

या अनुभवांतून तपासणीचा एक क्रम हळूहळू रूढ झाला आणि त्याचे तर्कशास्त्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिली पायरी, संगणकाला कार्ड दिसते का. यंत्र सुरू होताना बायॉस, म्हणजे संगणकात कायम साठवलेला आरंभीचा प्रोग्राम, ठरलेल्या पत्त्यांवर सिरियल चिप शोधतो आणि सापडलेले पत्ते स्मृतीतील एका ठरावीक कोष्टकात लिहून ठेवतो. डॉस या तेव्हाच्या कार्यप्रणालीतील डीबग या प्रोग्राममध्ये ‘डी ४०:०’ अशी आज्ञा दिली की ते कोष्टक पडद्यावर येई. पहिल्या चार घरांत ‘एफ८ ०३ एफ८ ०२’ दिसले की दोन्ही कार्डे सापडली असा अर्थ, कारण पत्त्याचा धाकटा भाग आधी लिहिलेला असतो. तेथे शून्ये असली तर दोष जम्परात, स्लॉटमध्ये किंवा चिपमध्ये. या कोष्टकाची एक खोड होती. ते मध्ये जागा रिकामी ठेवत नसे, त्यामुळे यंत्रात एकच कार्ड असून ते २एफ८ वर लावलेले असेल तर डॉस त्यालाच पहिले पोर्ट मानी, आणि संदेशवहनाचा प्रोग्राम मात्र पहिले पोर्ट ३एफ८ वरच शोधत राही.

दुसरी पायरी इंटरप्टची. डॉस आणि बायॉस सिरियल पोर्टशी बोलताना इंटरप्टची वाट पाहत नसत. ते चिपला पुन्हा पुन्हा विचारून काम भागवत. म्हणून डॉसमधून सिरियल प्रिंटर व्यवस्थित छापतो आहे, पण मोडेमचा प्रोग्राम मुका आहे, अशी लक्षणे दिसली की जाणकार माणूस पत्ता, चिप आणि केबल यांना बाजूला ठेवून थेट इंटरप्टच्या जम्परकडे वळत असे. मूळ कार्डाच्या रचनेत चिपचे ‘आउट २’ नावाचे एक टोक सुरू केल्याशिवाय वर्दी तारेपर्यंत पोहोचतच नसे, ही गोष्टही प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ध्यानात ठेवावी लागे.

तिसरी पायरी परतफेरीची चाचणी, जिला व्यवसायात ‘लूपबॅक’ म्हणतात. नऊ पिनांच्या पोर्टमधील २ आणि ३ क्रमांकाच्या पिना एका छोट्या तारेने जोडल्या की पाठवलेले प्रत्येक अक्षर त्याच कार्डावर परत येते. टर्मिनल-प्रोग्राम उघडून कळ दाबावी, अक्षर पडद्यावर उमटावे, आणि तार काढताच उमटणे थांबावे; एवढे झाले की कार्ड, व्होल्ट बदलणाऱ्या चिप आणि जोडणी निर्दोष ठरत आणि शोध बाहेरच्या केबलकडे सरके. अक्षर परत आले नाही तर शोध आत वळे. ८२५० मध्ये चिपच्या आतल्या आतच परतफेरी करण्याची सोय होती. ती चाचणी उत्तीर्ण आणि बाहेरची अनुत्तीर्ण असेल तर दोष १४८८, १४८९ किंवा जोडणीच्या पिनांत, आणि दोन्ही अनुत्तीर्ण असतील तर चिपमध्ये किंवा पत्त्यात. आयबीएमच्या तपासणी-फ्लॉपीवर हेच काम विशेष प्लग लावून होत असे आणि ११ ने सुरू होणारा चार अंकी क्रमांक पहिल्या सिरियल कार्डाचा दोष दाखवी, १२ ने सुरू होणारा दुसऱ्याचा.

चौथी पायरी तारेवरील दाबाची. स्तब्ध असलेल्या पाठवणाऱ्या पिनेवर उणे १० ते उणे १२ व्होल्टांच्या आसपास दाब असतो, म्हणून साध्या मल्टिमीटरचे एक टोक जमिनीच्या पिनेला आणि दुसरे क्रमाने २ व ३ ला लावले की कोणते यंत्र कोणत्या पिनेवरून बोलते हे पुस्तिका नसतानाही कळे. दोन्ही यंत्रांचा उणे दाब एकाच क्रमांकाच्या पिनेवर सापडला तर नल मोडेम केबल हवी, हा निष्कर्ष लगेच निघे. कुठेच दाब नसेल तर संशय १४८८ वर किंवा संगणकाच्या वीजपुरवठ्यातील उणे १२ व्होल्टांवर जाई. त्या दाबाचा संगणकात इतर उपयोग इतका थोडा होता की तो नाहीसा झाला तरी बाकीचे यंत्र बिनतक्रार चालत राही. या चारही पायऱ्यांमागचा विचार एकच: मार्गाचे मधोमध दोन भाग करायचे, एक भाग पुराव्याने निर्दोष ठरवायचा आणि उरलेल्या भागात पुन्हा तेच करायचे.

वेग वाढल्यावर दोषाचा आणखी एक प्रकार पुढे आला. ८२५० मध्ये आलेल्या एकाच अक्षराला थांबण्यापुरती जागा होती. सेकंदाला ९,६०० घटकांच्या वेगाने, प्रत्येक अक्षराला दहा घटक धरले तर, पुढचे अक्षर यायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. ५७,६०० च्या वेगाने हा अवधी सुमारे १७४ मायक्रोसेकंदांवर येतो. तेवढ्यात प्रोसेसरने आधीचे अक्षर उचलले नाही तर ते नव्या अक्षराखाली पुसले जाते. विंडोजसारख्या एकाच वेळी अनेक कामे सांभाळणाऱ्या प्रणालीत असा उशीर नित्याचा होता, म्हणून फाइल उतरवताना अधूनमधून अक्षरे गळत आणि दोष टेलिफोनच्या तारेवर ढकलला जाई. सोळा अक्षरांची रांग साठवणारी १६५५० ही चिप हा त्यावरचा उपाय होता. तिच्या पहिल्या आवृत्तीतील रांगच सदोष निघाली आणि १६५५०ए मध्ये ती दुरुस्त झाली. मायक्रोसॉफ्टचा एमएसडी हा तपासणी-प्रोग्राम पोर्टवर कोणती चिप आहे हे दाखवत असे, आणि मोडेम घेण्याआधी ती ओळ पाहून घ्यावी असा सल्ला दिला जाई.

भारतात या कार्डाचा प्रसार घरांपेक्षा कार्यालयांतून अधिक झाला. बँकांच्या संगणकीकरणाला डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांच्या १९८४ आणि १९८९ च्या अहवालांनी दिशा दिली. त्यानंतर अनेक शाखांत एका युनिक्स प्रणालीच्या संगणकात आठ किंवा सोळा पोर्टांचे सिरियल कार्ड बसवून प्रत्येक काउंटरवर एकेक टर्मिनल जोडण्याची रचना दिसू लागली. एखादे टर्मिनल बंद पडले की शेजारच्या चालू टर्मिनलची केबल त्याला लावून पाहणे ही तेथील पहिली चाचणी: दोष केबलबरोबर सरकला तर पोर्ट किंवा केबल, जागेवरच राहिला तर टर्मिनल.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत बोलका दोष देवनागरीचा आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने, आयआयटी कानपूर येथील कामातून विकसित झालेल्या जिस्ट तंत्रज्ञानाच्या आधारे भारतीय लिप्यांची टर्मिनल आणि कार्डे उपलब्ध केली. त्यामागील इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात आठ घटकांचे संकेत वापरतात. पहिल्या १२८ संकेतांत इंग्रजी आणि वरच्या भागात भारतीय लिपी. युनिक्समधील सिरियल पोर्टांची जुनी मांडणी मात्र अनेकदा सात घटक आणि एक तपासणीचा घटक अशी असे. सात अधिक एक म्हणजे आठच, त्यामुळे अक्षराची एकूण लांबी जुळते आणि इंग्रजी मजकूर अचूक दिसतो. देवनागरीचा आठवा घटक मात्र गळून पडतो. इस्कीत ‘क’चा संकेत १७९ आहे, आठवा घटक गेला की त्यातून १२८ वजा होतात, ५१ उरतात आणि पडद्यावर तीनचा इंग्रजी आकडा उमटतो. इंग्रजी नीट दिसते आहे एवढ्यावरून पोर्ट निर्दोष मानणाऱ्याला हा दोष सापडणे शक्यच नव्हते. टेलिटाइपच्या काळातील एक गृहीतक येथे एका संपूर्ण लिपीच्या आड आले होते, आणि उपाय होता मांडणीत ‘आठ घटक, तपासणी नाही’ एवढा बदल.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह काही महानगरांत सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा मोडेमच्या निमित्ताने सिरियल पोर्ट घराघरांत महत्त्वाचे झाले. आतल्या बाजूला बसणाऱ्या मोडेम-कार्डावर स्वतःचीच सिरियल चिप असल्याने त्याचा एव्हाना मदरबोर्डवरच आलेल्या दुसऱ्या पोर्टशी संघर्ष होई, आणि बायॉसच्या मांडणीत जाऊन ते पोर्ट बंद करणे हा नेहमीचा इलाज ठरला. पण तोवर जम्परांचे युग मावळू लागले होते. १९९२ साली आलेल्या पीसीआय या नव्या स्लॉट-रचनेत पत्ते आणि इंटरप्ट यंत्र सुरू होताना आपोआप वाटले जातात आणि इंटरप्टची तार अनेक कार्डांना वापरता येते. विंडोज ९५ मध्ये हा सारा तपशील डिव्हाइस मॅनेजरच्या एका पडद्यावर दिसू लागला आणि संघर्षाच्या जागी पिवळे उद्गारचिन्ह येऊ लागले. मात्र ३एफ८ हा पत्ता गृहीत धरून लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामांना पीसीआय कार्ड सापडेनासे झाले. १९९६ साली प्रमाणित झालेल्या यूएसबीने हळूहळू मदरबोर्डवरचे सिरियल पोर्टच हटवले, आणि आता सिरियल जोडणी देणारी तार यूएसबीच्या एका तोंडातून काढून दुसऱ्यात लावताच पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, हा दोषांचा नवा प्रकार जुन्या संघर्षांची जागा घेऊन बसला.

सिरियल जोडणी स्वतः मात्र संपलेली नाही. कारखान्यांतील जुनी सीएनसी यंत्रे, नेटवर्कच्या राउटरांची नियंत्रण-तोंडे, इलेक्ट्रॉनिक वजनकाटे आणि प्रयोगशाळांतील उपकरणे आजही याच पद्धतीने बोलतात, आणि लिनक्सच्या गाभ्यातील सिरियल चालक-प्रोग्राम अजूनही ८२५० याच नावाने ओळखला जातो. स्वयंचलित वाटपाने जम्परांचा जाच संपवला ही मोठीच प्रगती होय. पण ती होताना यंत्राचे पत्ते आणि तारा वापरणाऱ्याच्या नजरेआड गेल्या, आणि दोष दिसला की सारे काही पुन्हा स्थापित करण्याची घाई वाढली. सिरियल कार्डाने घालून दिलेली शिस्त याच्या उलट आहे: आधी मार्ग कागदावर काढावा, प्रत्येक सांध्यावर कोणती गोष्ट गृहीत धरली आहे ते लिहावे, आणि पुरावा मिळेपर्यंत कोणत्याही भागाला दोषी किंवा निर्दोष ठरवू नये. तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी पिना जोडून परतफेरीची चाचणी घेण्याचा हा जुना धडा अभ्यासक्रमात टिकवून ठेवला पाहिजे, कारण दोन रुपयांच्या तारेने इतके स्वच्छ तर्कशास्त्र शिकवणारे दुसरे साधन संगणकाच्या दुरुस्तीत सहसा सापडत नाही.